वॉटरफर्डचा वाडगा, जेऊरचा कंदील

जेऊरचे नाव काढले की पहिला प्रश्न ठरलेला : "कुठले जेऊर?" नगरकडच्या माणसाला बायजाबाईचे जेऊर आठवते, अक्कलकोटकडच्याला आपल्या तालुक्यातले. आमचे जेऊर करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे. करमाळ्याला रेल्वे नाही; त्यामुळे कमलाभवानीच्या दर्शनाला आगगाडीने निघालेला भाविक जेऊरला उतरतो, एस.टी. धरतो आणि जेऊरकडे ढुंकूनही न पाहता निघून जातो. त्याचे फारसे चुकते असे नाही. जेऊरला किल्ला नाही, लेणी नाहीत, थंड हवा तर मुळीच नाही. स्टेशन, बाजार, मारुती, लिंबाची झाडे आणि चहूकडे रान. पण माझ्या मामांचे घर तिथे आहे, आणि त्या घराच्या माजघरातल्या देवळीत आयर्लंड देशातल्या वॉटरफर्ड गावचा एक बिलोरी काचेचा वाडगा गेली पन्नास वर्षे बसून आहे. तो तिथे मीच नेला होता.

साल १९७५. मी दहा वर्षांचा होतो. मामांचा धाकटा मुलगा, आमचा डॉक्टरदादा, तीन वर्षांपूर्वी आयर्लंडात गेला होता. त्याने मुंबईला येणाऱ्या एका स्नेह्याबरोबर आपल्या आईसाठी एक खोके पाठवले. आमच्या गिरगावातल्या खोलीत वडिलांनी ते उघडले तेव्हा निम्मी चाळ दारात उभी होती. कागदाच्या कपट्यांतून वाडगा वर आला आणि कुणीतरी "अगं बाई!" म्हटले. दोन हातांत धरावा एवढा घेर, तळाशी उमललेल्या फुलासारखे पैलू, कडेला करवतीसारखे दाते. माझ्या आईने तो उचलून पाहिला आणि पहिला व्यावहारिक प्रश्न विचारला, "यात ठेवायचे काय?" दादाने चिठीत लिहिले होते की यात फळे घालून वाडगा टेबलावर मधोमध ठेवावा. जेऊरच्या घरात तेव्हा टेबल नव्हते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही निघालो. पुण्याला पॅसेंजर धरली. वाडगा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बसवला होता, आणि डबा माझ्या मांडीवर. "हात सोडलास तर बघ," एवढीच सूचना होती. दौंड गेले, भिगवण गेले. माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या. जिंती रोडच्या पुढे समोरच्या बाकावरच्या एका पागोटेवाल्या आजोबांनी विचारले, "काय हाय रं बाळ डब्यात?"

"काच आहे."

"कंदिलाची व्हय? नीट धर, नीट धर," असे म्हणून त्यांनी आपले पाय आखडून घेतले आणि मला जागा करून दिली. बरोबरच होते त्यांचे. आगगाडीतून एवढ्या जिवापाड जपून नेण्याची काच त्या मुलखात एकच होती.

परवा पुन्हा त्याच वाटेने गेलो. आता भिगवणच्या पुढे खिडकीत पाणीच पाणी. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि लहानपणी पाहिलेली काळी राने, मळे, गावेच्या गावे त्याखाली गेली. लोहमार्गसुद्धा काही अंतर बाजूला सरकवावा लागला. हिवाळ्यात या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात आणि पुण्या-मुंबईचे लोक दुर्बिणी घेऊन ते पाहायला येतात. पारेवाडी, वाशिंबे, पोफळज, मग जेऊर. तसेच पुढे गेले की केम लागते. कुंकवासाठी नावाजलेले केम तेच. जलद गाड्यांपैकी मोजक्याच जेऊरला थांबतात. बाकीच्या शिट्टी घालून धूळ उडवत निघून जातात, आणि फलाटावरचा माणूस टोपी धरून उभा राहतो. एवढे मात्र पन्नास वर्षांत बदललेले नाही.

मामींनी वाडगा देवळीत ठेवला तो ठेवलाच. फळे त्यात कधी पडली नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आधी वाडगा पाहून जात, मग वाण घेत. मामांची तऱ्हा निराळी. भुसार मालाच्या दुकानातून कुणी घरी आले की ते वाडगा खाली उतरवत, कडेवर नखाने टिचकी मारत आणि म्हणत, "ऐका." देवळातल्या लहान घंटेसारखा नाद निघे आणि कितीतरी वेळ मागे रेंगाळे. मग ते शेजारी चहाचा काचेचा पेला ठेवून त्यावर टिचकी मारत. टक् ! "हा फरक," असे म्हणून ते समाधानाने वाडगा जागी ठेवत. फरक कशामुळे, हे मात्र त्यांना सांगता येत नसे आणि मलाही पुढे पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते.

तो फरक शिशामुळे. साधी काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी. बिलोरी काचेत सोडा-चुन्याऐवजी पोटॅश आणि शिशाची भुकटी घालतात. ती भुकटी बहुधा कोणत्या रूपात भट्टीत जाई, हे कळले तेव्हा मला मोठी गंमत वाटली : शेंदूर! जेऊरच्या मारुतीच्या अंगावर जी शेंदराची पुटे चढली, तोच शेंदूर. वॉटरफर्डच्या काचेत तर वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिशाचा. त्याने काच जड होते, कापायला मऊ होते, टिचकीला गाते; आणि मुख्य म्हणजे आत शिरलेला प्रकाश ती अधिक वाकवते, म्हणून पैलू चमकतात. ही युक्ती आयर्लंडची नव्हे. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ साली तिचा हक्क मिळवला.

मग या धंद्यात आयर्लंडचे नाव झाले कसे? ही हकीगत मला नुसत्या काचेपेक्षा अधिक रंजक वाटते, कारण तिचा नायक कारागीर नसून जकात आहे. इंग्रज सरकारने १७४५ साली काचेवर वजनावारी कर बसवला. काच जेवढी जड तेवढा कर जास्त. म्हणून इंग्लंडचे कारखानदार पातळ काच करू लागले, आणि पातळ काचेत खोल पैलू पाडता येत नाहीत. आयर्लंडला हा कर नव्हता; पण आयर्लंडने काच परदेशी धाडू नये, असा दुसरा कायदा होता. १७८० साली तो उठला. झाले! जाड काच करायला मोकळीक आणि विकायला जग मोकळे. १७८३ साली वॉटरफर्डच्या बंदरात जॉर्ज आणि विल्यम पेनरोज या काकापुतण्यांनी कारखाना काढला. ते व्यापारी होते, त्यांना काच येत नव्हती. म्हणून त्यांनी इंग्लंडातल्या स्टोअरब्रिजहून जॉन हिल नावाचा जाणकार, त्याच्या कारागिरांसह, आणला. तीन वर्षांत हिलचे तिथे बिनसले. जाताना त्याने मिश्रणाचे गुपित जोनाथन गॅचेल या कारकुनाच्या हाती दिले, आणि तोच कारकून पुढे मालक झाला. आपल्याकडच्या दुकानांच्या अशा कथा वाचकांना ठाऊक असतीलच.

चाळीसएक वर्षे बरी गेली. वॉटरफर्डची झुंबरे, सुरया, वाडगे अमेरिकेपर्यंत जाऊ लागले. पण हाती सत्ता दुसऱ्याची असली की बरकत फार दिवस पाहवत नाही. १८२५ साली तोच कर आयर्लंडवरही लादला गेला आणि जड काच हाच ज्याचा लौकिक, तो धंदा वजनाखालीच दबला. पुढे १८४५ साली कर रद्द झाला, पण उशीर झाला होता. १८५१ साली लंडनच्या जंगी प्रदर्शनात वॉटरफर्डचा माल मांडलेला होता, आणि त्याच वर्षी कारखान्याची भट्टी विझली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे ती पेटली नाही.

हे वाचताना मला आपला मुलूख आठवल्यावाचून राहिला नाही. आपल्या वाड्यांतल्या आणि देवळांतल्या हंड्या-झुंबरे परदेशची, बांगड्या परदेशच्या, कंदिलाच्या काचाही परदेशच्या. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी माणशी एक पैसा मागत गावे पालथी घातली; लोकमान्य टिळकांनी त्यांना पाठबळ दिले; आणि त्या पैशापैशाच्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. काचेचे काम जपानात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवला. पेनरोज काकापुतण्यांच्या घरचे भांडवल होते. इथे गवळ्याचा, हमालाचा, शाळामास्तराचा पैसा होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६ साली, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला आणि त्या जागेचे नाव ओगलेवाडी झाले. त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाने महाराष्ट्राची किती घरे उजळली याची गणती कुणी केली नसेल. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव, आणि त्याचा अर्थ सूर्य. कंदिलाला याहून चांगले नाव कुणाला सुचले असते?

आमच्या जेऊरच्या घरी दोन प्रभाकर कंदील होते. एक ओटीवर, एक स्वयंपाकघरात. संध्याकाळी त्यांच्या काचा पुसण्याचे काम मुलांचे, कारण मोठ्या माणसाचा हात आत जात नसे. बोटांना फडके गुंडाळायचे, चिमूटभर राख घ्यायची आणि काजळी निघेपर्यंत हात फिरवायचा. मी सुटीपुरता पाहुणा. दादाने हे काम वर्षानुवर्षे केले. गावात पुढे दिवे आले, तरी ते येत-जात. आणि दादा मॅट्रिक झाला तो ओटीवरच्या कंदिलापुढे. त्या कंदिलाच्या वरच्या कडीपाशी एक पोचा आहे. दादा रात्री डुलकी लागून त्यावर पडला आणि कंदील कलंडला, त्याची ती खूण. काच फुटली नाही. मामींनी मात्र दादाला फोडून काढले होते म्हणे.

इकडे वॉटरफर्डची भट्टी पुन्हा पेटली तीही कशी पाहा. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया सोडून आलेल्या कारेल बाचिक या काच कारखानदाराने १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, तिथे नव्याने कारखाना काढला. आयर्लंडात तोवर हे काम जाणणारे कुणी उरले नव्हते. बाचिकने मिरोस्लाव्ह हावेल या आपल्या देशबांधवाला बोलावून घेतले. हावेल डब्लिनच्या संग्रहालयात बसून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे वाडगे आणि सुरया पाहून पाहून नक्षी उतरवून घेई. १९५२ साली त्याने 'लिसमोर' नावाची नक्षी काढली, ती जगभर खपली. १९६५ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत सोळा झुंबरे चढली तीही वॉटरफर्डची. ज्या राज्याच्या कराने हा धंदा बुडवला, त्या राज्याच्या राजांना जिथे मुकुट घालतात ती ही जागा! आमचा वाडगा या भरभराटीच्या काळातला. कारागीर फुंकनळीने काच फुगवी, ती भट्टीत सावकाश निवू देई; मग दुसरा कारागीर फिरत्या चाकावर ती वरून धरून पैलू पाडी. त्याच्यासमोर काचेवर नुसत्या खुणेच्या रेघा असत. चर किती खोल जायचा ते हातालाच कळायचे. जरा अधिक दाबला गेला की भांडे गेले. मामांना हे सांगायला हवे होते. ते म्हणाले असते, "मग बरोबर आहे."

या वर्षी फेब्रुवारीत दादा गेला. तिकडेच. निवृत्त झाल्यावर जेऊरला येऊन राहायचे, असे तो पंचवीस वर्षे म्हणत होता. त्याच्या मुलीचे मला पत्र आले. तिचा जन्म तिकडचा. जेऊर तिने दोनदा पाहिले आहे, तेही लहानपणी. तिने लिहिले होते की वॉटरफर्डचा तो मोठा कारखाना २००९ साली बंद पडला. कामगारांनी आत ठाण मांडले, आठवडेच्या आठवडे ते बसून होते, आणि दादा रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी काहीतरी खायला घेऊन जात असे. त्यातले पुष्कळजण त्याचे रोगी होते. आता गावात एक लहानशी कार्यशाळा आणि विक्रीचे दालन आहे, पण बहुतेक माल युरोपातल्या इतर देशांत तयार होतो. मग शेवटी तिने विचारले होते : बाबांनी आजीला पाठवलेला वाडगा अजून आहे का? असला तर तो मला मिळेल का? बाबांचे जेऊरचे असे माझ्याजवळ काहीच नाही.

हे पत्र घेऊन मी जेऊरला गेलो होतो. मामा-मामी केव्हाच गेले, थोरला दादाही गेला. घरात त्याच्या पत्नी, आमच्या वहिनी, आणि त्यांच्या मुलाचा संसार. दुकान आता खतांचे आहे. वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर; पण आवाज असा, की स्टेशनवर ऐकू जावा. मी पत्र वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. उठून देवळीतला वाडगा घेऊन आल्या आणि पदराने पुसू लागल्या. मी उगीच माझे ज्ञान पाजळले : यात लोणचे, लिंबाचे सरबत असले आंबट काही ठेवून देऊ नये, शिसे उतरते. आणि पणतीही लावू नये. जाड काच एकाच जागी तापली तर तडकते.

"भावजी, पन्नास वर्षांत आम्ही त्यात पाणीसुद्धा घातलं नाही," वहिनी म्हणाल्या. "सासूबाई गेल्या त्या वर्षी मी एकदा बोरं घालून बघितली. पण त्यांना आवडलं नसतं, असं वाटलं. काढून टाकली."

दिवेलागण झाली आणि वीज गेली. मुलाने भिंतीवरचा बॅटरीचा दिवा लावला, तसे वहिनींनी त्याला तो बंद करायला लावला आणि माळ्यावरून ओटीवरचा कंदील काढवला. काच मी पुसली. आत बोटे तेवढी गेली, हात गेला नाही. देवळातल्या समईसाठी ठेवलेल्या वातींच्या डब्यात कंदिलाची जुनी पट्टी निघाली, आणि तळाशी बाटलीभर रॉकेल घरात कुठून निघाले ते मी विचारले नाही. वहिनींनी वात पेटवली, काच खाली बसवली, आणि वाडगा कंदिलाजवळ, पण हातभर लांब ठेवला.

वाडगा मी गिरगावात दिव्याखाली पाहिला होता, देवळीत पाहिला होता. हे पाहिले नव्हते. भिंतीवर, कोनाड्यावर, वहिनींच्या पांढऱ्या केसांवर तांबड्या-निळ्या रेघा सांडल्या. वात जराशी हलली की सगळ्या हलत. ओगलेवाडीची काच पातळ, साधी, उष्णता सोसणारी. तिच्यात पाहण्यासारखे काही नाही, तिच्यातून पाहायचे. वॉटरफर्डच्या काचेला स्वतःचा उजेड नाही, पण मिळालेल्या उजेडाचे ती असे काही करते, की माणूस बोलायचा थांबतो. एवढ्यासाठी लोक दोनशे-अडीचशे वर्षे तिच्यामागे लागले असतील, तर मला त्यात वावगे वाटत नाही. वहिनींचा नातू चार वर्षांचा; तो भिंतीवरचे रंग धरायला धावत होता.

"हे बघा भावजी," वहिनी बऱ्याच वेळाने म्हणाल्या. "तिला लिहा, वाडगा आहे, नीट आहे. पण तो तिच्याच गावचा. तिकडनं आलेलं तिकडं परत धाडून तिला जेऊरचं काय मिळणार? शिवाय तो सासूबाईंचा. तिचे बाबा तिकडं होते ना, तर सासूबाई रोज त्याच्याकडं बघायच्या. तो मी काढून देणार नाही. तुम्ही हा कंदील धाडा तिला. यापुढं बसून तो डॉक्टर झालाय. पोचा कशाचा तेही लिहा."

मुलगा हळूच म्हणाला, "आई, तिने वाडगा मागितलाय."

"तिला माहीत असतं तर तिनं कंदीलच मागितला असता," वहिनी म्हणाल्या, आणि विषय संपला. वाडगा पाहायचा असेल तर तिने इकडे यावे, खोली झाडून ठेवते, हेही मला वेगळे लिहायला सांगितले.

सकाळी त्यांनीच सगळे बांधून दिले. टाकीतले रॉकेल काढून ती शिकेकाईच्या पाण्याने धुतली आणि दुपारपर्यंत अंगणात उन्हात पालथी घातली. तरी वास गेला नाही. मुंबईला दोन दिवस पुन्हा ऊन द्या, नाहीतर विमानात घेणार नाहीत, असे बजावले. काच वेगळी काढली, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि स्टीलच्या डब्यात बसवली. जेऊरच्या फलाटावर दोन गाड्या न थांबता गेल्या. तिसरी थांबली. डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो. पोफळज येईपर्यंत शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने कानातली वायर काढून विचारले, "काका, वर ठेवू का तो डबा?"

"नको," मी म्हटले, "काच आहे."